सोणाची वीणा आणि सोणाची वहाण

श्रावस्तीत संगारव नावाचा एक ब्राह्मण भगवान बुद्धांकडे आला आणि त्याने आपली एक अडचण त्यांच्यापुढे ठेवली. दीर्घकाळ घोकलेले मंत्रही कधी कधी ऐन वेळी आठवत नाहीत, मग न घोकलेल्यांची तर गोष्टच नको. आणि कधी कधी मात्र फारसे न घोकलेलेही चटकन आठवतात. याचे कारण काय, असा त्याचा प्रश्न होता. हा प्रसंग संयुत्तनिकायाच्या बोज्झंगसंयुत्तात आहे आणि अंगुत्तरनिकायाच्या पञ्चकनिपातातही आला आहे. पालिच्या अभ्यासकांना तो परिचित आहे. परंतु ज्यांना त्याचा सर्वांत अधिक उपयोग व्हावा, त्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपर्यंत तो फारसा पोहोचलेला नाही, असे आम्हांस दिसून आले आहे.

कल्याण पूर्वेतील एका विहारात आम्ही काही वर्षे रविवारी पालिचा वर्ग घेत आलो आहोत. वर्गात येणारी मुले बहुधा कल्याण, डोंबिवली, ठाणे येथल्या महाविद्यालयांतली. कोणी गुणांसाठी पालि घेतलेले, कोणी घरच्या आग्रहाने येणारे, कोणी खरोखरीच्या जिज्ञासेने. एका रविवारी वाणिज्य शाखेच्या एका मुलीने आम्हांला विचारले, "सर, वर्षभर केलेलं सगळं पेपर हातात पडला की जातं कुठे?" बाकीच्या मुलांनी माना डोलावल्या. त्या दिवशी आम्ही नेमलेला पाठ बाजूला ठेवला आणि संगारवसुत्त काढले. प्रस्तुत लेखाचे मूळ त्या दुपारच्या चर्चेत आहे.

भगवंतांनी संगारवाला उत्तर देताना पाण्याने भरलेल्या पात्राचा दृष्टान्त दिला आहे. पाण्यात लाख, हळद, नीळ किंवा मंजिष्ठा कालवली असेल तर त्यात माणसाला आपला चेहरा जसा आहे तसा दिसत नाही. कामरागाने व्यापलेले मन तसे असते. पाणी चुलीवर उकळत असेल तरी चेहरा दिसत नाही. ते द्वेषाने, व्यापादाने भरलेले मन. शेवाळाने झाकलेले पाणी म्हणजे आळस आणि जडता, थीनमिद्ध. वाऱ्याने हलणारे, लाटा उठणारे पाणी म्हणजे उद्धच्च-कुक्कुच्च. आणि गढूळ, चिखल झालेले, शिवाय अंधारात ठेवलेले पाणी म्हणजे विचिकिच्छा, म्हणजेच संशयग्रस्तता. हीच पाच नीवरणे. ती मनात असताना घोकलेलेही आठवत नाही; ती दूर झाली असता न घोकलेलेही आठवते. स्मृती, धम्मविचय, वीर्य, प्रीती, प्रश्रब्धी, समाधी आणि उपेक्षा ही सात बोध्यंगे भावित केल्याने मन निवळते, असेही तेथे सांगितले आहे.

या दृष्टान्तात एक शब्द वाचताना सहज निसटून जातो. पात्रात डोकावणारा माणूस 'चक्खुमा' आहे, म्हणजे त्याचे डोळे धड आहेत. चेहरा दिसत नाही याचा दोष डोळ्यांवर, म्हणजे बुद्धीवर, ठेवलेला नाही. दोष पाण्याच्या तात्पुरत्या अवस्थेचा आहे. संगारव हा मंत्रपठण करणारा ब्राह्मण होता. त्याच्या परंपरेत विद्येचा अधिकार जन्माशी बांधलेला होता. त्याला मिळालेल्या उत्तरात मात्र जन्म नाही, देवतेचा कोप नाही, पूर्वकर्म नाही. मन आणि मनाची स्थिती एवढेच आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना "तुमच्या डोक्यात विद्या शिरायची नाही" हे पिढ्यान्‌पिढ्या ऐकावे लागले, त्यांच्या नातवंडांना हे उत्तर अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहे हे कळले पाहिजे.

पाचांपैकी उद्धच्च-कुक्कुच्च या जोडीविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण विद्यार्थ्यांच्या तक्रारींत हीच जोडी आम्हांला सर्वाधिक आढळते. उद्धच्च म्हणजे मनाचे वर उसळणे, एका जागी न ठरणे. कुक्कुच्च हा शब्द संस्कृत कौकृत्य या शब्दाचे पालि रूप होय. जे करावयास नको होते ते का केले आणि जे करावयाचे ते का केले नाही, अशी मागे वळून मन कुरतडणारी खंत, असा त्याचा अर्थ अट्ठकथा करते. परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याच्या मनात हीच दोन माणसे भांडत असतात. एक उद्याच्या निकालाकडे धावते आणि दुसरे गेलेल्या सहा महिन्यांचा हिशेब मागते. पुस्तक समोर उघडे असते, त्याकडे दोघांचेही लक्ष नसते.

येथे शब्दाविषयी एक खुलासा करतो. अलीकडे या विषयावर बोलताना 'अध्यात्म' हा शब्द सर्रास वापरला जातो. महाविद्यालयांतून 'अध्यात्म आणि तणावमुक्ती' अशी व्याख्याने होतात. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना हा शब्द खटकतो, आणि ते रास्त आहे. अनात्मवादी धम्मात आत्म्याच्या आधाराने काही उभे करता येत नाही. परंतु पालित त्याच घराण्यातला 'अज्झत्त' हा शब्द आहे आणि तो आत्म्याविना सुखाने नांदतो. त्याचा अर्थ 'आतले', 'स्वतःच्या ठायी असलेले' एवढाच. सतिपट्ठानसुत्तात तो एकटा येत नाही. आधी अज्झत्त, मग बहिद्धा म्हणजे बाहेरचे, आणि मग अज्झत्त-बहिद्धा, आतले व बाहेरचे दोन्ही, असा क्रम प्रत्येक भागात येतो. केवळ आत पाहून थांबण्याची सोय या सुत्तात ठेवलेली नाही. आजच्या व्याख्यात्यांना या दुसऱ्या आणि तिसऱ्या पदाचा बहुधा विसर पडतो.

हे दोन्ही कसे एकत्र नांदतात याचे सर्वांत बोलके उदाहरण विनयपिटकात आहे. चंपेच्या एका धनाढ्य श्रेष्ठीचा मुलगा सोण कोळिविस हा इतका सुकुमार वाढला होता की त्याच्या तळपायांवर केस होते, असे महावग्गात म्हटले आहे. तो प्रव्रजित झाला आणि राजगृहाजवळच्या सीतवनात राहून चंक्रमण करू लागला. अनवाणी चालून चालून त्याचे पाय फुटले. चंक्रमणाची वाट रक्ताने माखली. इतके करूनही चित्त मुक्त होईना. तेव्हा त्याच्या मनात आले की घरी धन भरपूर आहे. परत जावे, सुखाने राहावे, दानपुण्य करावे. आजच्या भाषेत सांगायचे तर सोण शिक्षण सोडून देण्याच्या बेतात होता. भगवंत त्याच्याकडे गेले. सोण पूर्वी वीणा उत्तम वाजवीत असे. तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते काय? फार ढिल्या ठेवल्या तर? आणि योग्य ताण असला तर? अशा तीन प्रश्नांनी त्यांनी त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेतले आणि प्रयत्नही असाच समतोल असावा हे त्याला समजावले.

वीणेचा हा दृष्टान्त आपल्या सभा-संमेलनांतून शेकडो वेळा सांगितला जातो. त्याच प्रकरणाचा पुढचा भाग मात्र कोणी सांगत नाही. त्या खंधकाचे नाव चम्मक्खन्धक, म्हणजे चामड्याविषयीचे प्रकरण. ते वीणेविषयी नाही, पादत्राणांविषयी आहे. सोणाला अर्हत्त्व प्राप्त झाल्यावर भगवंतांनी त्याला एकपदरी तळाच्या वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली. सोणाने ती नाकारली. ऐंशी गाड्या सोने आणि हत्तींचा लवाजमा सोडून आलेल्या या भिक्खूला एका वहाणेचा मोह सुटला नाही असे लोक म्हणतील. भगवंतांनी भिक्खुसंघाला अनुज्ञा दिली तर मीही वापरीन, असे तो म्हणाला. तेव्हा भगवंतांनी सर्व संघालाच वहाणांची अनुज्ञा दिली.

म्हणजे सोणाच्या दुःखावर दोन उपाय झाले. त्याच्या मनातली तार सैल करण्यात आली, आणि ज्या नियमामुळे पाय फुटत होते तो नियमही बदलण्यात आला. तोही एकट्या सोणासाठी नव्हे, सर्वांसाठी. पहिला उपाय अज्झत्त, दुसरा बहिद्धा. रक्ताळलेल्या पायांच्या माणसाला केवळ समतोलाचा उपदेश करून भगवंत परतले नाहीत, ही गोष्ट ज्या संकलकांनी एकाच प्रकरणात नोंदवून ठेवली त्यांचे आपल्यावर उपकार आहेत.

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. दरवर्षी एप्रिल महिन्यात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जयंतीनिमित्त महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. त्यामागचा आदर आम्हीही मानतो. अशा उपक्रमांना आम्ही स्वतः हजर राहिलो आहोत. पण वर्गातल्या एका मुलाने आम्हांला जे सांगितले ते वाचकांपुढे ठेवणे आमचे कर्तव्य आहे. तो म्हणाला, "सर, बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे आणि माझ्याने चार तास होत नाही, म्हणजे मी त्यांचा नाहीच ना?" दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे, रात्री बारापर्यंत दूरदर्शन संच चालू, सकाळी पाण्यासाठी उठणे आणि महाविद्यालयानंतर चार तासांची नोकरी, असा त्या मुलाचा दिवस आहे. त्याला प्रेरणा म्हणून दिलेली गोष्ट त्याच्या मनात कुक्कुच्च होऊन बसली आहे. तार ताणण्याचे काम येथे आपण, वडीलधाऱ्यांनीच, केले आहे.

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेचा इतिहास नीट पाहिला तर तेथेही वीणा आणि वहाण दोन्ही सापडतात. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी विद्यार्थी भीमरावाला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, हे आपणांस पाठ आहे. त्याच केळुसकरांनी सयाजीराव गायकवाड महाराजांकडे शब्द टाकला आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षणासाठी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, याचा उल्लेख आपण कमी करतो. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठाचा मार्ग मोकळा झाला तोही बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीने. एकाच हाताने पुस्तक दिले आणि फीची तजवीजही केली. बाबासाहेबांचे अठरा तास सांगताना हे पंचवीस रुपयेही सांगितले पाहिजेत.

पुढे त्यांनी स्वतः हेच केले. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले. १९२८ साली त्यांनी दलित वर्गासाठी स्वतंत्र शिक्षणसंस्था स्थापन केली. माध्यमिक शाळांतील मुलांसाठी तिने जी वसतिगृहे चालविली त्यांत पनवेल, नाशिक, पुणे, धारवाड यांच्याबरोबर ठाण्याचेही होते. खेड्यातून आलेल्या ज्या मुलाला गावात कोणी खोली देत नसे, त्याच्या मनावरचा ताण हलका करण्याचा पहिला उपाय म्हणजे डोक्यावर छप्पर, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली. १९४६ साली मुंबईत तिचे पहिले महाविद्यालय सुरू झाले, त्याचे नाव सिद्धार्थ. १९५० साली औरंगाबादेत सुरू झालेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले. धम्मदीक्षेच्या कितीतरी आधी ही नावे निवडली गेली. मिलिंद हा प्रश्न विचारणारा राजा होता. विद्यार्थ्यांच्या संस्थेला उत्तर देणाऱ्या नागसेनाऐवजी प्रश्न विचारणाऱ्याचे नाव द्यावे, यात आम्हांला तरी योगायोग दिसत नाही. सिद्धार्थ महाविद्यालयात नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्यांना सोयीचे व्हावे म्हणून सकाळच्या वेळी वर्ग भरत. वेळापत्रकात केलेला हा बदल म्हणजे संघाला दिलेल्या वहाणेचेच आधुनिक रूप होय.

आपल्या परिसराचा प्राचीन इतिहासही या बाबतीत मुका नाही. सोपारा हे बंदर २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच मोडत होते. पालघर जिल्हा झाल्यावर ते तिकडे गेले. तेथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरला आणि सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तेथेच मिळाला. कल्याणचा उल्लेख 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात बंदर म्हणून येतो. उल्हास नदीच्या खाडीतून आलेला माल येथून नाणेघाटमार्गे जुन्नर आणि पैठणकडे जाई. या व्यापारातून सुखवस्तू झालेल्या कल्याणकरांनी जे दान दिले त्याच्या नोंदी कान्हेरीच्या आणि जुन्नरच्या लेण्यांत कोरलेल्या आहेत. त्यांत सोनार आहेत, व्यापारी आहेत. कान्हेरीला दान देणाऱ्यांत भिक्खुणींचीही नावे आहेत. पाण्याची टाकी, बसण्याचे ओटे, राहण्याच्या खोल्या असे हे दान बहुतेक करून व्यवहारोपयोगी आहे. कल्याण-भिवंडीच्या मधले लोनाडचे लेणेही याच परंपरेतले. आमच्या वर्गातल्या अर्ध्याअधिक मुलांनी ते पाहिलेले नव्हते.

कान्हेरीचे, म्हणजे जुन्या कृष्णगिरीचे, जे लेख आम्हांला येथे विशेष महत्त्वाचे वाटतात ते बरेच नंतरचे, इसवी सनाच्या नवव्या शतकातले आहेत. तेव्हा राष्ट्रकूट अमोघवर्षाचे मांडलिक असलेले शिलाहार उत्तर कोकणावर राज्य करीत होते. पुल्लशक्तीच्या काळातल्या शके ७६५ च्या लेखात कृष्णगिरीच्या संघाला दिलेल्या देणगीची विभागणी नोंदवलेली आहे, आणि तीत विहाराच्या डागडुजीबरोबर, चीवरांबरोबर, पुस्तकांसाठीही वेगळी रक्कम आहे. त्यानंतर दहाच वर्षांनी, शके ७७५ मध्ये, दूरच्या गौड देशातून आलेल्या अविघ्नाकर नावाच्या उपासकाने तेथे उपशमाला, म्हणजे ध्यानाला, योग्य अशा खोल्या बांधविल्या आणि शंभर द्रम्मांची अक्षयनीवी ठेवली. एका दात्याने पुस्तकांची सोय केली, दुसऱ्याने शांत बसण्याच्या जागेची. एकाच डोंगरावर, एका दशकाच्या अंतराने. ज्या काळात बौद्ध धम्म या प्रदेशात ओसरणीला लागला होता त्या काळातही दात्यांना अध्ययन आणि उपशम यांची गरज एकत्र दिसत होती.

अध्ययन स्वतःच ओझे होऊ शकते, हेही परंपरेला ठाऊक होते. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात चित्ताच्या एकाग्रतेला अडथळा आणणारे दहा पलिबोध सांगितले आहेत. ही यादी आम्ही वर्गात फळ्यावर लिहिली तेव्हा मुले हसू लागली, कारण प्रत्येकाला आपला पलिबोध तीत सापडला. राहण्याची जागा हा एक, कुळ आणि नातेवाईक हे दोन, आजारपण हा एक. अद्धान म्हणजे प्रवास हाही त्यात आहे. डोंबिवलीहून मुंबईला जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये दारात लोंबकळत जाणाऱ्या मुलाला अद्धानपलिबोधाचा अर्थ सांगावा लागत नाही. आणि ग्रंथ, म्हणजे अभ्यास, हाही पलिबोध म्हणून नोंदवला आहे. तेथे रेवत नावाच्या मज्झिमभाणक थेराची कथा येते. मज्झिमनिकायाचे पाठांतर करणाऱ्याला पहिले पन्नास सुत्त पाठ होईतो मधले पन्नास पुढे उभे राहतात आणि ते होईतो शेवटचे. त्याला ध्यानाला सवड कुठली, असे त्याचे आचार्य त्याला विचारतात. रेवताने ध्यानाचा विषय घेतला, एकोणीस वर्षे पाठांतराला हात लावला नाही, विसाव्या वर्षी अर्हत्त्व मिळवले, आणि मग मज्झिमनिकाय शिकवायला बसला तेव्हा एका अक्षरापाशीही अडखळला नाही. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही ताबडतोब सांगितले की विद्यापीठ एकोणीस वर्षे थांबत नाही. पण संगारवाला सांगितलेलेच तत्त्व या कथेत आहे, ही गोष्ट खरी.

चूळपन्थकाची कथा मात्र आम्ही सावधपणे सांगतो. थोरला भाऊ महापन्थक याने त्याला एक गाथा पाठ करायला दिली. चार महिन्यांत ती पाठ झाली नाही, म्हणून त्याने त्याला विहारातून निघून जायला सांगितले. भगवंतांना तो दाराशी भेटला. त्यांनी त्याच्या हाती एक स्वच्छ फडके दिले आणि ते चोळीत 'रजोहरणं' एवढाच शब्द म्हणायला सांगितले. फडके हळूहळू मळत गेले आणि त्यावरून त्याला अनित्यतेचा बोध झाला. शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने या कथेचा अर्थ उघड आहे. विद्यार्थी तोच होता; पद्धत बदलली. पण अट्ठकथाकारांचे एवढ्यावर समाधान झाले नाही. चूळपन्थक मंद का, तर कस्सप बुद्धांच्या काळी तो एका मंदबुद्धी भिक्खूला हसला होता म्हणून, असे पूर्वजन्मीचे कारण त्यांनी जोडले. आमच्या मते कथेचा हा थर आज वर्गात शिकवू नये. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माने आजची दुरवस्था समजावण्याची पद्धत का नाकारली हे आपणांस ठाऊक आहे. महापन्थकाने केलेली चूक गतजन्मावर ढकलणे म्हणजे शिक्षकाला मोकळे सोडणे होय. आम्ही स्वतः शिक्षक असल्याने हे लिहिताना संकोच वाटतो. पण ते खरे आहे.

या पार्श्वभूमीवर आपल्यात चाललेल्या एका वादाविषयी मत नोंदवतो. सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ साली मुंबईत भारतातले पहिले विपश्यना शिबिर घेतले, आणि १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र आकाराला आले. कसाऱ्यापुढचा घाट चढला की इगतपुरी, त्यामुळे आपल्या भागातून तेथे जाणाऱ्यांची संख्या मोठी. शालेय मुलांसाठी आनापानाचा 'मित्र उपक्रम' महाराष्ट्र शासनाने स्वीकारला. आपल्यातील एका गटाला हे सर्व श्रेयस्कर वाटते. दुसऱ्या गटाचा आक्षेप असा की, डोळे मिटून बसण्याने अन्यायाविरुद्धचा संताप विझतो आणि चळवळ थंडावते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी भिक्खू हा परिपूर्ण पुरुष की समाजसेवक, असा प्रश्न उभा केला होता. आक्षेप घेणाऱ्यांच्या मनात तोच प्रश्न आहे. आमचे मत असे की, आनापान ही वीणा आहे. परीक्षेच्या सकाळी दहा मिनिटे श्वासाकडे लक्ष दिल्याने लाटा ओसरतात, याचा अनुभव आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांनी सांगितला. ती वहाणेची जागा घेऊ लागली तर मात्र आक्षेप घेणाऱ्यांचे बरोबर आहे.

कारण वहाणेचा प्रश्न आज सौम्य राहिलेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि १,७६४ ही सर्वांत मोठी राज्यवार संख्या महाराष्ट्राची आहे. प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वसतिगृहात आणि वर्गात सोसावा लागणारा भेदभाव नोंदवला. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला गेला. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतील मानसिक आरोग्याचा प्रश्न तपासण्यासाठी न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली कृतिदल नेमले. ज्या मुलाला वसतिगृहात जात विचारली जाते, त्याची शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने अडते, त्याला केवळ श्वास पाहायला सांगणे म्हणजे पाय रक्ताळलेले असताना वीणेची गोष्ट सांगणे होय. आणि ज्याचे मन फारच खचले आहे त्याला विहारानेच बरे करावे असा हट्टही धरू नये. भगवंतांना आणि संघाला जीवक वैद्याचे औषध चालत होते. शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलते. तो क्रमांक विहाराच्या सूचनाफलकावर असावा.

आमच्या वर्गाची हकीकत सांगून थांबतो. संगारवसुत्त वाचून झाल्यावर आम्ही मुलांना विचारले की आपापले पाणी कोणते ते सांगा. बहुतेकांनी वाऱ्याचे पाणी सांगितले. दोघांनी शेवाळ सांगितले. एक मुलगी बराच वेळ गप्प होती, मग ती म्हणाली, "माझं उकळतंय." कारण विचारल्यावर ती म्हणाली की घरी भावाला अभ्यासाला खोली आहे, तिला नाही. आम्ही तिला व्यापादाचे शमन, मेत्ता वगैरे सांगायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलो.

त्या आठवड्यात काही मुले आणि आम्ही विहाराच्या समितीकडे गेलो. सायंवंदना आटोपली की नऊला सभागृहाला कुलूप लागत असे. ते परीक्षेच्या काळात उशिरापर्यंत उघडे ठेवावे, एवढीच विनंती होती. विजेचे बिल कोण भरणार, मुले-मुली रात्री एकत्र बसणार, लोक काय म्हणतील, असे प्रश्न निघाले. रेल्वेतून निवृत्त झालेले एक वृद्ध उपासक शेवटी म्हणाले की, आपण रात्रपाळी करून यार्डातल्या दिव्याखाली अभ्यास केला होता, तेव्हा बिल आपण भरू. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या महिन्यांत सभागृह आता रात्री अकरापर्यंत उघडे असते. घरी जाताना दोन महिला उपासिका मुलींना सोबत करतात. किल्ली सध्या त्या मुलीकडेच असते.